रिसेप्टर ब्लॉक आहेत म्हणतात, बत्तीस हजार भरू का?

अमळनेर तालुक्यातल्या एका गावातून आलेलं पत्र. नाव आणि ओळख पटेल असं सगळं काढून मजकूर थोडक्यात देते.

"वय ३७, उंची पाच फूट एक इंच, वजन ७४ किलो. घरी शिवणकाम करते. एचबीए१सी (मागच्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ६.१ आलं आणि सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं. मोठी जाऊ माझ्यापेक्षा दोन किलोने जास्तच आहे, एकाच चुलीवरचं खातो, पण तिचे रिपोर्ट नॉर्मल. जवळच्या शहरात वजन कमी करण्याचं सेंटर आहे. तिथे मशीनवर उभं करून कागद काढला आणि सांगितलं की तुमच्या चरबीच्या पेशींवरचे रिसेप्टर ब्लॉक आहेत. जीन टेस्ट, तीन महिन्यांची पावडर आणि पोटाला बांधायचा गरम पट्टा, सगळं मिळून ३२ हजार. कापसाचे पैसे आलेत, यांची तयारी आहे. सासूबाई म्हणतात, 'कमी खाय, आपेआप उतरी जाई.' तेही करून पाहिलं, रात्रीचं जेवण बंद केलं. चार किलो गेले, पाच परत आले. मोबाइलवर आता इंजेक्शनचंही काय काय येतं. मुलगी तेरा वर्षांची आहे, तीही अंगाने भरायला लागली आहे, तिलाही हीच पावडर द्यावी का? आणि खोट माझ्या पेशीतच असेल तर मी उपाशी तरी कशाला राहू?"

ताई,

पैसे भरू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल.

सेंटरवाल्याने वापरलेला शब्द मात्र खोटा नाही, आणि म्हणूनच तो खपतो. चरबीच्या पेशीवर रिसेप्टर असतात. मराठी पुस्तकांत त्यांना ग्राही म्हणतात. रक्तातून आलेला निरोप ओळखून आत पोचवणारी ही प्रथिनं. इन्शुलिनचा निरोप घेणारे वेगळे, अ‍ॅड्रेनलिनचा घेणारे वेगळे, आणि असे आणखी पुष्कळ. पण तुम्ही ज्या मशीनवर उभ्या राहिलात ते तळपायातून बारीकसा विद्युतप्रवाह सोडतं आणि त्यावरून अंगात चरबी किती असेल याचा अंदाज बांधतं. रिसेप्टर त्याला दिसत नाहीत. ते बघायचे तर सुईने चरबीचा तुकडा काढून प्रयोगशाळेत तपासावा लागतो. तुमच्या कागदावर 'ब्लॉक' हा शब्द कुणीतरी आपल्या मनाने घातला आहे.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते, कारण खरी अडचण तिथे आहे. तुम्ही धरून चालला आहात की एक तर खोट पेशीत आहे, नाही तर तोंडात. सेंटरवाला पहिलं म्हणतो, सासूबाई दुसरं. आणि दोघांनीही गृहीत धरलं आहे की चरबी म्हणजे घाण, ती गेली की सुटलो. मला हे गृहीतच पटत नाही.

तुमच्याकडे कापूस आहे म्हणून त्याच भाषेत सांगते. हंगामात जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, गेटबाहेर ट्रॅक्टरांची रांग लागते. आत जागा असली की माल उतरतो, झाकला जातो, कुणाला त्रास नाही. आवार भरलं की गेटवरचा माणूस हात वर करतो, आणि मग कापूस रस्त्याच्या कडेला, लोकांच्या ओट्यावर, मिळेल तिथे पडतो. चरबीची पेशी ही अशी जिनिंग आहे. जेवणानंतर इन्शुलिन येतं, पेशीवरच्या रिसेप्टरला चिकटतं, आणि निरोप जातो: साखर आत घ्या, चरबी साठवा, आणि साठवलेली चरबी सध्या बाहेर सोडू नका. या शेवटच्या निरोपाचं महत्त्व फार कमी लोकांना माहीत असतं. उपाशी असताना किंवा धावपळीत अ‍ॅड्रेनलिन येतं, त्याच्या रिसेप्टरवरून उलट निरोप जातो आणि माल बाहेर निघतो. भरणं आणि काढणं दोन्ही सुरळीत चालू असेल तर माणूस जाड दिसेल, पण आतून ठीक राहील.

बिघाड कधी होतो? पेशी ताणून ताणून फुगली की तिला प्राणवायू पुरत नाही. तिथे सूज धरते, संरक्षक पेशी गोळा होतात आणि टीएनएफ-अल्फासारखी रसायनं सोडतात. १९९३ मध्ये अमेरिकेत लठ्ठ उंदरांच्या चरबीत हे टीएनएफ-अल्फा दाखवलं गेलं, आणि तिथून चरबीकडे बघायची नजरच बदलली. या सुजेमुळे इन्शुलिनचा निरोप रिसेप्टरच्या आतल्या बाजूला अडखळतो. म्हणजे दारावरची बेल शाबूत आहे, आतली वायर धड नाही. मग 'चरबी बाहेर सोडू नका' हा निरोप ऐकलाच जात नाही, चरबी रक्तात गळत राहते आणि लिव्हरमध्ये, स्नायूंमध्ये जाऊन साठते. लिव्हरही इन्शुलिनला दाद देईनासं होतं आणि नको तेव्हा साखर बनवत बसतं. तुमचं ६.१ आणि तुमचं फॅटी लिव्हर हे दोन आजार नाहीत. एकाच रांगेतला तो रस्त्यावर पडलेला माल आहे.

आणि चरबी ही घाणच असती तर ज्यांना ती जवळजवळ नसतेच ती माणसं ठणठणीत असायला हवी होती. लिपोडिस्ट्रॉफी नावाच्या दुर्मीळ विकारात तसं होतं. माणूस काडीसारखा, आणि तरी मधुमेह भयंकर, लिव्हर चरबीने भरलेलं. माल ठेवायला आवारच नाही, म्हणून.

तर मग जाऊबाईंचं काय? तुम्ही शिवणकाम करता, म्हणजे त्यांची मापं तुमच्या वहीत असतील. उघडा आणि कमर आणि सीट हे दोन आकडे तुमच्या स्वतःच्या मापांशेजारी लिहा. मला पैज लावायची सवय नाही, पण बहुधा त्यांची सीट मोठी असेल आणि तुमची कमर. मांड्या-नितंबांची चरबी आणि पोटातल्या आतड्यांभोवतीची चरबी यांचा स्वभाव वेगळा असतो. मांडीवरच्या पेशींवर, बायकांमध्ये विशेषतः, 'माल सोडू नका' सांगणारे अल्फा-२ जातीचे रिसेप्टर जास्त असतात. म्हणून ती चरबी हट्टी. व्यायाम करूनही लवकर जात नाही आणि बायका तिच्यावर चिडतात. पण तीच चरबी माल धरून ठेवते आणि लिव्हरला वाचवते. पोटातली चरबी माल पटकन सोडते, आणि त्यातला बराचसा थेट लिव्हरच्या वाटेला लागतो.

शिवाय तुम्ही दोघी एका घरात आलात, एका घरातून नाही. तुमचं आवार किती मोठं हे बरंचसं तुमच्या आईबापांकडून आलं आहे. काही वाटा पोटात असतानाच्या आणि लहानपणच्या खाण्यापिण्याचाही. आपल्या लोकांचं आवार मुळातच लहान असावं, असं बरेच अभ्यासक म्हणतात. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि इंग्लंडमधले त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, तंतोतंत सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. वजनकाटा दोघांना एकच आकडा दाखवणार! म्हणूनच भारतात २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, आणि कमरेसाठी बायकांना ८० सेंटिमीटर, पुरुषांना ९० ही सावधानतेची रेघ. माझा धाकटा भाऊ आयुष्यभर ५८ किलोच्या वर गेला नाही, चाळिशीत त्याला मधुमेह झाला. पण पोट? सदऱ्याची खालची दोन बटणं कायम ताणलेली असायची. घरात कुणी त्याला जाड म्हटलं नाही, त्यामुळे कुणी तपासलंही नाही.

म्हणजे तुमच्या शरीराची घडण तुमच्या हातात नव्हती, हे खरं. पण त्यावरून 'मग कशाला' हा निष्कर्ष निघत नाही. ज्याचं आवार लहान, त्याला रांग थोडी जरी कमी झाली तरी लगेच फरक पडतो. फॅटी लिव्हर आणि साखरेसाठी एकूण वजनाच्या पाच-सात टक्के उतरलं तरी बरंच साधतं. ७४ किलोचे पाच टक्के किती? पावणेचार किलोच्या आत. ताई, तुम्ही चार किलो उतरवले होते. तुम्ही त्याला फसलेला प्रयत्न म्हणता. त्या महिन्यात लिव्हर आणि साखर तपासली असती तर कदाचित वेगळंच पत्र लिहिलं असतंत.

ते परत का आले, यालाही रिसेप्टरचीच गोष्ट आहे. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडतात. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला त्याचं जीन १९९४ मध्ये सापडलं. मेंदूतले रिसेप्टर या लेप्टिनवरून कोठारात किती माल आहे हे ओळखतात. तुम्ही रात्रीचं जेवण बंद केलंत, माल झपाट्याने घटला, लेप्टिन पडलं, आणि मेंदूने दुष्काळ जाहीर केला. भूक वाढवली, खर्च आखडला. रात्री अकराला शेवेच्या डब्याकडे हात गेला असेल तर तो तुमच्या चारित्र्याचा दोष नव्हता. सासूबाईंचा सल्ला अर्धा बरोबर आहे, एवढंच. कमी खाल्लं की उतरतं, पण 'आपेआप' नाही, आणि उपाशी राहून टिकत नाही.

तेव्हा काय करायचं? सगळ्यात आधी चाला. वजनासाठी नाही, वजन नंतर बघू. चालताना मांडीचा स्नायू इन्शुलिनच्या निरोपाची वाट बघत नाही. आकुंचन पावला की स्वतःच दार उघडतो आणि रक्तातली साखर ओढून घेतो. म्हणजे चरबीच्या पेशीशी भांडण न करता तुम्ही दुसरं गिऱ्हाईक उभं केलंत. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने तुमच्यासारख्याच, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ लोकांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये छापला. साधारण तीन वर्षांत, काहीच बदल न करणाऱ्यांपैकी १०० तल्या ५५ जणांना मधुमेह झाला. ज्यांनी चालणं आणि खाणं सुधारलं त्यांच्यातल्या ३९ जणांना. आणि गंमत बघा, या लोकांचं वजन म्हणावं असं उतरलंच नव्हतं. काट्यावर काही दिसत नव्हतं आणि आत काम चालू होतं.

गावात बाईने एकटीने फिरायला निघायचं म्हणजे चार जण विचारतात, हे मला माहीत आहे. म्हणून जाऊबाईंना बरोबर घ्या. दोघी असलात की कुणी विचारत नाही, उलट तिसरी येते. आपल्याकडच्या उन्हात मार्च ते जून पहाटे साडेपाचच्या पुढे ढकलू नका. आणि दोन्ही जेवणांनंतर दहा-पंधरा मिनिटं अंगणात, गच्चीवर, कुठेही. मशीनवर बसलात की दर अर्ध्या तासाने उठा. बॉबिन भरायला उठायचं, काजं करायला उभं राहायचं, असं काही तरी कामालाच जोडून टाका, नाही तर लक्षात राहत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा भिंतीला टेकून किंवा खुर्चीवरून उठबशा काढा. स्नायू वाढला की गिऱ्हाईक वाढलं.

खाण्यात खान्देशी ताटाला नावं ठेवणाऱ्यांचं ऐकू नका. दादर ज्वारीची किंवा कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, मेथी, वांग्याचं भरीत, चवळी, कढी-फुणके यात वाईट काय आहे? फुणके म्हणजे वाफवलेली तूरडाळ. पावडरवाला डब्यातून विकतो ते प्रथिन त्यात आहे आणि तेल जवळजवळ नाही. आठवड्यातून दोनदा करा. अडचण आहे ती भरतावर तरंगणाऱ्या तेलाची, शेवभाजीच्या तर्रीची, चहाबरोबरच्या वेफर्सची आणि दिवसातल्या चार गोड चहांची. तेलाचा हिशेब रोज करू नका, महिन्याला करा. चार माणसांत अडीच लिटरच्या आसपास थांबायचं. रात्रीचं जेवण बंद न करता दोन तास अलीकडे आणा, एक भाकरी कमी करून त्या जागी डाळ किंवा उसळ घ्या. केळं सोडलं असेल तर परत सुरू करा, अर्धं, जेवणाबरोबर. जळगाव जिल्ह्यात राहून केळ्याशी वैर कुणाला परवडणार? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुरणपोळी खा आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं चाला. मागच्या पोळीचा दंड म्हणून उपास नको.

गरम पट्ट्याने घाम येतो, चरबी हलत नाही. जीन टेस्टबद्दल एवढंच, की नेहमीच्या लठ्ठपणात शेकडो जीन्सचा थोडाथोडा हात असतो आणि त्यातून तुम्ही कोणती भाजी खावी हे निघत नाही. पावडरने रिसेप्टर 'उघडतील' या बोलण्यावर मला जास्त राग येतो. रिसेप्टरवर औषध चालतं, पण ते इतकं सोपं असतं तर मोठमोठ्या औषध कंपन्या तोंडावर आपटल्या नसत्या. चरबी जाळायला लावणाऱ्या बीटा-३ रिसेप्टरवरची औषधं त्यांनी बनवून पाहिली. उंदीर बारीक झाले, माणसं झाली नाहीत. रिमोनाबँट नावाची गोळी भूक आणि चरबी या दोन्हींशी संबंध असलेल्या एका रिसेप्टरला अडवायची. २००६ मध्ये युरोपात आली, वजन उतरवायचीही, पण तेच रिसेप्टर मेंदूत मनःस्थितीही सांभाळतात. लोकांना नैराश्य येऊ लागलं, आत्महत्येचे विचार येऊ लागले, आणि २००८ मध्ये ती बाजारातून काढली. उलटं उदाहरणही आहे. मधुमेहाची पायोग्लिटाझोन ही गोळी चरबीच्या पेशीतल्याच पीपीएआर-गॅमा या रिसेप्टरवर काम करते. तिने नव्या लहान पेशी तयार होतात, आवार वाढतं, लिव्हरवरचा माल कमी होतो, साखर सुधारते, आणि माणसाचं वजन वाढतं! वजन वाढूनही साखर सुधारते हे तुमच्या सेंटरवाल्याला विचारून बघा, काय उत्तर देतो ते. ती गोळी स्वतःहून घेऊ नका, पायांवर सूज, हृदयावर ताण, ठिसूळ हाडं अशी तिची किंमत आहे.

इंजेक्शनची गोष्ट या सगळ्याहून वेगळी, कारण ती खरंच काम करतात. सेमाग्लुटाइड जीएलपी-१ या आतड्यातून येणाऱ्या संप्रेरकाच्या रिसेप्टरवर चालतं, मुख्यतः मेंदूत आणि स्वादुपिंडात. तिर्झेपेटाइड त्याच्या जोडीला जीआयपी या तशाच दुसऱ्या संप्रेरकाच्या रिसेप्टरवरही चालतं, आणि हे जीआयपीचे रिसेप्टर चरबीच्या पेशींवर असतात. तिर्झेपेटाइड भारतात मार्च २०२५ मध्ये आलं. मी या औषधांच्या विरोधात नाही. पण ती थांबवली की वजन बहुतेकांचं परत चढतं, चरबीबरोबर स्नायूही जातो, मळमळ होते, मूल हवं असेल तर चालत नाहीत. तुमच्या आत्ताच्या आकड्यांवर मी त्यांच्यापासून सुरुवात करणार नाही. सहा महिने मनापासून करूनही साखर चढतच राहिली तर एमडी डॉक्टरांशी बोला, आणि त्यांनीच लिहून दिलं तर घ्या. ब्यूटी पार्लरमध्ये किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर मिळणारं इंजेक्शन मात्र कुणीही घेऊ नका.

एक विचारायचं राहिलं. घरात गुडघेदुखीच्या कागदी पुड्या येतात का, आणि तुम्हीही कंबरदुखीला त्यातली घेता का? अशा पुड्यांत कधी कधी न सांगता स्टिरॉइड मिसळलेलं असतं. स्टिरॉइडचे रिसेप्टर पोटातल्या चरबीत भरपूर असतात, त्यामुळे हातपाय बारीक, पोट आणि चेहरा मोठा, साखर वर. रोज घेत असाल तर एकदम थांबवू नका, पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

मुलीला पावडर नको. चरबीच्या पेशींची संख्या साधारण वयात येईपर्यंत ठरते. स्टॉकहोमच्या शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये हे दाखवलं, आणि तेही जुन्या अणुचाचण्यांमुळे हवेत पसरलेल्या कार्बनच्या खुणा पेशींत शोधून! म्हणजे तिच्या खाण्याखेळण्याकडे आत्ता लक्ष देण्यात अर्थ आहे, पण तिला डाएटवर टाकण्यात नाही, ती वाढते आहे. तिला सायकल द्या, घरात थंड पेयाची बाटली आणू नका, आणि तिच्यासमोर तिच्या अंगाबद्दल बोलणं बंद, सासूबाईंसकट सगळ्यांनी. एकदा वेणी घालताना तिची मान मात्र बघा. मागच्या बाजूला मखमलीसारखा काळपट, जाडसर पट्टा दिसला तर तो मळ नाही, घासणीने घासू नका. इन्शुलिनचा निरोप नीट ऐकला जात नसल्याची ती त्वचेवर उमटलेली खूण असते. दिसला तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. पाळी सुरू होऊन ती फारच अनियमित असेल तर तेही सांगा. स्वतःची मानही आरशात बघून घ्या.

३२ हजारांतले थोडे पैसे तपासण्यांना लागतील: उपाशीपोटीची साखर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) आणि एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) यांच्यासह लिपिड प्रोफाइल, लिव्हरसाठी एसजीपीटी, थायरॉइडसाठी टीएसएच. ट्रायग्लिसराइड वर आणि एचडीएल खाली आलं तर माल रस्त्यावर सांडतोय असं समजा. तिशीच्या पुढच्यांची साखर आणि रक्तदाब आयुष्मान आरोग्य मंदिरात मोफत बघतात, तुमच्या यजमानांनाही घेऊन जा.

आणि काट्यावर महिन्यातून एकदाच. दर रविवारी सकाळी, उपाशीपोटी, श्वास सहज सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावा. टेप तुमच्या गळ्यातच असतो. आकडा वहीत गिऱ्हाइकांच्या मापांसारखाच लिहा, मागच्या पानावर, तारीख घालून. तीन महिन्यांनी एचबीए१सी परत करा आणि दोन्ही आकडे मला कळवा. जाऊबाईंचंही माप त्याच पानावर घ्या आणि वर्षातून एकदा त्यांचीही साखर बघा. आज नॉर्मल आहे, पण पाळी जायच्या वयात चरबी मांडीवरून पोटाकडे सरकते. त्या कुरकुरल्या तर माझं नाव सांगा.